अठ्ठावीस चुण्यांची चौकशी

बमरोली, सुरत
मंगळवार

आदरणीय मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार, डाव्याला जरा हळू, कारण तो गुडघा अजून दुखतो असं आई म्हणाली. मामींचा खोकला थांबला असेल. म्हैस व्याली असेल तर पारडी झाली की पारडा तेही कळवा. मी इकडे तब्येतीने ठणठणीत आहे, बाकीच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. हातात मोबाईल असताना हा पोरगा पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. मामा, माझा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि ओट्यावर बसलेली सहा-सात माणसं माझी खुशाली तुमच्याआधी ऐकतात. मागे मला जुलाब झाले होते, ते आपल्या शाळेच्या गुरुजींपर्यंत गेलं. (मला नववीत दोनदा नापास करून त्यांचं समाधान झालं नव्हतं असं दिसतं, कारण त्यांनी मुद्दाम फोन करून काय खाल्लं होतं ते विचारलं.) म्हणून हे पत्र. दाराला कडी लावून वाचा.

गोष्ट शालिग्रामभाऊंची आहे. तुम्ही माझ्यासाठी इथे सुरतेतच नवागामला राहणाऱ्या शालिग्रामभाऊंची मुलगी पूजा शोधली, त्यांना माझा फोटो पाठवला, पुढच्या रविवारी मुलगी बघण्याचं ठरवलं. एवढं आजवर माझ्यासाठी कुणी केलं नाही आणि मी ते विसरणार नाही. परवा तुम्ही फोनवर ओरडलात की शालिग्रामभाऊंना मुलगा पसंत आहे, चौकशी चांगली निघाली, पण संगत वाईट. तुझ्या खोलीत तो सागर नावाचा कोण घागरा घालून फिरतो, त्याला सोड, नाहीतर स्थळ हातचं जाईल. (ओट्यावरून कुणीतरी 'घागरा?' असं विचारलेलंही मला ऐकू आलं.) मामा, सागर माझ्या खोलीत राहतो हे खरं आहे. पण तो बिचारा झोपतानासुद्धा पॅन्टला पट्टा लावून झोपतो. घागरा घालणारा मी आहे. आणि तो घागरा नाही. आता पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, लूमवर माझं कुठेच चार महिन्यांच्या वर टिकलं नाही, कारण एका जागी उभं राहिलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. सध्या जिथे आहे तिथे कापडाला चुण्या पाडतात. जाड कागदाचे दोन साचे असतात, त्यांच्यामध्ये कापड घालून घडी करायची, दोरीने आवळायची आणि वाफेच्या पेटीत ठेवायची. बाहेर आलं की चुण्या कायमच्या. (कायमच्या हे सेठचं म्हणणं.) आजवर आमच्या चुण्या बायकांच्या घागऱ्यांना आणि शाळेतल्या मुलींच्या युनिफॉर्मला लागायच्या. यंदा सेठला परदेशातली ऑर्डर मिळाली, पुरुषांच्या स्कर्टची. तिकडे म्हणे कुठेतरी सारखा पाऊस पडतो आणि पुरुष लग्नाला हे घालून जातात, त्याला किल्ट म्हणतात. आणि आता तिथली पोरं बाजारात, कामावर, कुठेही घालून जातात. सेठने आम्हाला मोबाईलवर दाखवलं. दाढीवाली, जाड मनगटांची माणसं होती, कुणी लाजत नव्हतं. चौकडीचं जाड कापड, पुढून सपाट, मागे अठ्ठावीस चुण्या, बाजूला दोन पट्टे आणि दोन खोल खिसे. पहिला माल गेला आणि तक्रार आली की माणूस बसून उठला की मागच्या चुण्या फाकतात. आमचे शिवणाचे हेमराज मास्तर (हाताला तोड नाही, बोलायला मात्र आठवड्यातून दोनदा) म्हणाले, पुतळा बसत नाही, उठत नाही, जिना चढत नाही, माणूस द्या. सेठने सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी आपापल्या मशीनकडे पाहिलं. मी त्याच वेळी काही कारण नसताना इकडून तिकडे चाललो होतो. सेठ म्हणाले, "आ छोकरो सो वार बेसे ने सो वार ऊठे. आखो दिवस पहेरीने फर." म्हणजे हा पोरगा शंभर वेळा बसतो नि शंभर वेळा उठतो, तूच दिवसभर घालून फिर. तीन दिवस, जिथे रोज जातो तिथे सगळीकडे, आणि संध्याकाळी मास्तरांनी चुण्या तपासायच्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी चुळबुळ कुणाच्या तरी उपयोगी पडली, म्हणून मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना मला वाटलं, आता दगड येणार. दगड आला नाही. चहाच्या टपरीवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ऑपरेशन?" मी नाही म्हणालो तर म्हणाला, "असू दे, लाजायचं काय त्यात, माझ्या भावाचंही झालं." रिक्षावाल्याने मला कोपऱ्याची जागा दिली, मांडीला मांडी लावून कुणाला बसू दिलं नाही आणि प्रत्येक गतिरोधकाला माफी मागितली. देवळाबाहेर एका म्हातारीने विचारलं, कुठल्या देवीचा नवस बोललास रे बाबा. मी तिला खरं सांगितलं की कारखान्याचा माल तपासतोय. ती म्हणाली, बरोबर आहे, नवस उघड सांगायचा नसतो, फळ जातं. बँकेत वॉचमनने मला बायकांच्या रांगेत पाठवलं, बायकांनी परत पुरुषांच्या रांगेत. पण जाता जाता दोघींनी खालची कड उलटून आतली शिलाई बघितली आणि एकीने कुठे सुटलीय ते बोट ठेवून दाखवलं. (तिचं बरोबर होतं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते सुधारलं आणि त्या बाईला कामावर घेता येईल का असं विचारलं, म्हणजे त्या आठवड्याचं दुसरं वाक्य तिथे खर्ची पडलं.)

आता मामा, एक गोष्ट शांत डोक्याने विचार करा. सकाळी सातला आमच्या गल्लीत नळावर या. निम्मे पुरुष टॉवेल गुंडाळून उभे असतात, आणि त्या टॉवेलचा सगळा भार एका खोचलेल्या टोकावर असतो. कुणी काही म्हणत नाही. ट्रकवाले लुंगीवर कामरेजच्या नाक्यावरून निघतात ते थेट मुंबईला उतरतात. तुम्ही स्वतः ओट्यावर लुंगीत बसून दोन भावांच्या बांधाचा निकाल दिलाय, मी समोर होतो. तेच कापड मापाने शिवलं, पट्टा लावला, खिसा लावला, थोडक्यात जास्त सभ्य केलं, की इज्जत जाते. न शिवलेलं पुरुषाचं आणि शिवलेलं बाईचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय मला माहीत नाही. (मी फार पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यात असेल तर कळवा.) आणि या मे महिन्यात सुरतेत पॅन्ट घालून चालणं म्हणजे आमच्या वाफेच्या पेटीत एकेक पाय ठेवून चालणं आहे. तिसऱ्या दिवशी खाडीकडून वारा आला. खाडीचा वास तुम्हाला माहीत आहे, तरी तो वारा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा मला बरं वाटलं.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मी टपरीच्या बाकड्यावर बसत होतो आणि उठत होतो. तेवढ्यात कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेली दोन माणसं आली. एक पन्नाशीचे, एक त्यांच्यापेक्षा तरुण आणि जाड. जाड माणूस माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "हाई काय नेसेल शे?" दुसरे म्हणाले, "चूप बस धुडकू, ऑपरेशन व्हयेल व्हई." आपली अहिराणी बोली ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. मग पन्नाशीवाल्यांनी मला नीट मराठीत विचारलं, "भाऊ, इथे पांडुरंग यांचा वैभव म्हणून कुणी कामाला आहे का? गुटखा वगैरे खातो का?" मामा, नाव माझंच, आणि हा प्रश्न जगात फक्त मुलीचा बाप विचारतो. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण मान खाली गेली, माझे स्वतःचे दोन्ही गुडघे दिसले, आणि गुडघे म्हणाले, आज नको.

"ओळखतो ना," मी म्हणालो. "आत्ताच कामरेजला माल घेऊन गेला."

"कसा आहे पोरगा? खरं सांगा."

स्वतःबद्दल खरं सांगणं मला कधी जमलं नव्हतं, पण दुसऱ्याचं म्हणून सांगायला लागलो तर सरसर आलं. व्यसन नाही. एका जागी टिकत नाही, पण कुठल्या कामाला नाही म्हणत नाही. राग लवकर येतो, त्याहून लवकर जातो. शिक्षण कमी, त्याची त्याला लाज आहे, दाखवत नाही. शालिग्रामभाऊ (ते शालिग्रामभाऊच होते, आणि जाड ते पूजाचे मामा धुडकू) म्हणाले, आज चार जणांना विचारलं, दोष सांगणारा तू पहिलाच. त्यांनी मला आग्रह करून आणखी एक चहा पाजला. मग विचारलं, "तुमचं नाव काय?" माझ्या डोक्यात एवढ्या मोठ्या सुरतेतलं एकच नाव आलं. मी म्हणालो, सागर. वैभवच्याच खोलीत राहतो. त्यावर धुडकूमामांनी मोबाईल काढून माझा उभा फोटो घेतला, घरच्यांना दाखवायला.

आता खरी गंमत. (मला अजून हसू आलेलं नाही.) निघता निघता शालिग्रामभाऊंनी तुम्ही पाठवलेला माझा फोटो काढला, तो स्टुडिओतला, धबधब्याच्या पडद्यासमोरचा, आणि माझ्यापुढे धरला. "हाच ना वैभव?" मी नीट बघितला आणि म्हणालो, हाच. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे चुण्यांकडे बघितलं, आणि मोबाईल खिशात ठेवून गेले.

त्यानंतर सागरचं काय झालं ते लिहायला हात धजत नाही. तो नवागामला आत्याकडे जेवायला गेला आणि बमरोलीचा सागर एवढं ऐकताच शेजारच्या चार बायका दारात आल्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पॅन्ट दिसल्यावर नाराज होऊन घरात गेल्या. तो तीन दिवस विचारतोय की आपल्याला काय झालंय. मी त्याला सांगितलेलं नाही.

तेव्हा मामा, लहान तोंडी मोठा घास घेतो. त्या रविवारी शालिग्रामभाऊ मला दारातच ओळखतील, कारण तेव्हा मी पॅन्टमध्ये असेन आणि बघायला तोंडच उरेल. बापासमोर स्वतःचं नाव चोरणाऱ्याला कोण मुलगी देईल, आणि मला हे स्थळ हवंय. तुम्ही मला कावीळ झाली असं सांगून कार्यक्रम महिनाभर पुढे ढकला. तोवर मी दाढी वाढवतो. ते चौकडीचं कापड मी वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकलंय आणि त्याला पुन्हा हात लावणार नाही, आईची शपथ घेतली असती पण ती तुमची बहीण आहे. मामींना नमस्कार, ओट्यावरच्यांना काही नाही.

तुमचा भाचा,
वैभव

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक निरोप आला. पूजाचा. बायोडेटावरचा नंबर बघून तिने मेसेज केला. धुडकूमामांनी काढलेला फोटो त्यांच्या घरात तेरा माणसांनी बघितला आणि सगळ्यांनी चुण्या मोजल्या. तिने एकटीने तोंड बघितलं. तिने लिहिलं, "हे सागर नाहीत, तुम्ही आहात." मग तिने विचारलं, त्या खिशात काय काय मावतं? मी म्हणालो, मोबाईल, किल्ली, टेप, रुमाल आणि पाव किलो शेंगदाणे. ती म्हणाली, मी दिवसभर साड्यांना टिकल्या लावते, माझ्या एकाही ड्रेसला खिसा नाही, मोबाईल आयुष्यभर हातात धरून हात दुखला.

ता. क. २ मग तिने लिहिलं की रविवारी तेच घालून या आणि बाबांना तुमचं नाव तुम्ही सांगा. पॅन्ट घालून, दाढी वाढवून आलात तर मी चहा घेऊन बाहेरच येणार नाही. ज्याला टपरीवर स्वतःचं नाव सांगता आलं नाही तो उद्या माझं नाव काय सांगणार. मामा, तिचं बरोबर आहे. म्हणून कावीळ रद्द करा, तारीख तीच ठेवा. सागरला मी आत्ताच सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला, पट्टा घट्ट केला आणि खोलीबाहेर गेला. अजून आलेला नाही.

ता. क. ३ वर पत्र्याच्या पेटीचं लिहिलंय ते खोटं आहे. चाचणी संपून तीन आठवडे झाले, मास्तरांनी चुण्या पास केल्या, आणि मी ते अजून घालतो. हे पत्रही ते घालूनच लिहिलंय.

ता. क. ४ आता खरं काम. रविवारी माझ्याबरोबर तुम्ही पाहिजे, एकट्याने त्या दारात जायची माझी छाती होत नाही. मी मास्तरांना विचारलं काय करू, तर ते या आठवड्यात तिसऱ्यांदा बोलले. म्हणाले, एकाने घातलं तर लोक त्याला हसतात. मामा-भाचे दोघे घालून गेले तर लोक समजतात ही त्यांच्या घराण्याची रीत आहे. कापड त्यांनी काढून ठेवलंय, गडद निळं, तुमच्या वयाला शोभेल असं. कमरेचं माप उलट टपालाने पाठवा. मामींना घ्यायला सांगा, तुम्ही पोट आत ओढता.