खारट पाण्यातला बर्फ

१२ नोव्हेंबर

“चुकायचं तर मोठ्याने चूक. पुटपुटून चुकलीस तर सुधारणार कोण?” – बाबा म्हणाले होते. मी तिसरीत, पाढे तोंडातल्या तोंडात म्हणत होते तेव्हा. आज टपाल आल्यापासून हे वाक्य मागे लागलंय.

बाबांचं जरा जास्तच ऐकलं मी. मुलांच्या साप्ताहिकात, ‘विचारा ताईंना’ या सदरात, गावभर पोरांसमोर चुकले.

पत्र सातवीतल्या मुलीचं. “ताई, तुम्ही लिहिलंत की ग्लासात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी तीच राहते, ‘मग पाणी साधं असो की खारट’. साध्याचं बरोबर आहे. खारटाचं चूक आहे. मी करून पाहिलं. चाचणीत ‘वाढते’ असं लिहिलं तर बाईंनी शून्य दिलं आणि तुमचं कात्रण दाखवलं. मी वाद घातला म्हणून प्रश्नमंजूषेच्या संघातून काढलं. आता तुम्हीच बघा. – शंकेखोर (हे नाव बाईंनी ठेवलंय).”

खाली शाळेचा पत्ता, इयत्ता, तुकडी. पोलिसात तक्रार द्यावी तसं.

‘साधं असो की खारट’ – कुणी विचारलं होतं मला? मूळ प्रश्न साध्या पाण्याचा होता. सदराच्या तळाशी एक ओळ रिकामी राहत होती, ती भरली. बस.

रात्री

ग्लासभर पाणी, विरघळेल तेवढं मीठ, वर बर्फ. ओट्यावर ठेवून जरा वळले तर नवऱ्याने उचलून घोट घेतला. ठसका ओसरल्यावर विचारतो, “कितवीचा प्रश्न आहे हा?”

दुसरा ग्लास भरला. वाढली पातळी. थोडीच, पण वाढली.

कारण कागदावर मांडलं तर चार ओळींचं. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं खारट पाणी बाजूला सारतो. खारट पाणी जड, म्हणून ते कमी जागेत मावतं. बर्फ वितळून झालेलं पाणी साधं – त्याला तेवढी जागा पुरत नाही. हे मला येत होतं. विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण मी विचारलंच नाही मला.

१३ नोव्हेंबर

दादाकडे गेले. बाबांनंतर साप्ताहिक तोच चालवतो. मला मात्र अजून पाढे म्हणणारीच समजतो.

“दुरुस्ती आपण छापत नाही.”

“का?”

“एकदा छापली की पोरं दर अंकात चुका शोधत बसतील.”

“म्हणजे अंक वाचतील.”

“शब्दात पकडू नकोस. आणि मीठ घालून बघतंय कोण?”

“एकीने बघितलं ना.”

“मग तिला पत्र लिही. प्रेमळ लिही. चहा घेणार?”

चहा घेतला. वर बिस्किटंही संपवली, सूड म्हणून.

१५ नोव्हेंबर

दादा दुरुस्ती छापत नाही, पण प्रश्न कुठलाही छापतो! डाव्या हाताने, रेघांच्या कागदावर: “ताई, खारट पाण्याच्या बाबतीत तुमची चूक झाली ना? – आपला नम्र, इयत्ता आठवी.” कचेरीत जाऊन गुपचूप पत्रांच्या गठ्ठ्यात सरकवून आले. उत्तरही तयार ठेवलंय: “हो.”

या वयात असं चोरपावलांनी जिना उतरताना काय मजा येते, कुणाला सांगणार?

१६ नोव्हेंबर

दादाचा फोन. “तुझ्या आठवीतल्या पोराने पाकिटाला तिकीट लावलेलं नाही. चालत आला होता का?”

१९ नोव्हेंबर

शाळेत जाऊन आले. पिशवीत थर्मास, थर्मासात बर्फ, मिठाची पुडी. शिपाई म्हणाला, “विक्रेत्यांना वर सोडत नाहीत.”

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. मला वाटलं होतं, तडतडी बाई असेल. तसं काही नाही. दर आठवड्याला माझं सदर कापून वर्गाच्या फळ्यावर लावतात. छापलेल्या फोटोवरून मला ओळखलं आणि उठून उभ्या राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी चुकलेय,” म्हटलं.

त्यांना ते विनयाने बोलल्यासारखं वाटलं. म्हणून ग्लास मांडला. खारट पाण्यात बर्फाचा मोठा खडा, मग ग्लास काठोकाठ भरला. आणि बसलो.

खारट पाण्यात बर्फ सावकाश वितळतो हे माहीत होतं. इतका सावकाश, हे नव्हतं. तास संपला, नवा सुरू झाला. चित्रकलेचे सर येऊन बघून गेले. परत आले. “अजून आहेच का?” म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

बाई लाल पेन फिरवत हळूच म्हणाल्या, “मी तरी काय करणार होते? छापलेलं होतं हो. मुलांसमोर छापलेलं खोटं कसं म्हणायचं?”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. मी तर ओळ भरत होते.

मग काठावरून एक धार निघाली, ग्लासावरून टेबलावर, टेबलावरून थेट उत्तरपत्रिकांकडे.

“वाढली की,” चित्रकलेचे सर म्हणाले.

बाईंनी उत्तरपत्रिका उचलल्या, आणि हसल्या. पोरीला बोलावणं गेलं. दोन वेण्या, शाईचं बोट. माझ्याकडे पाहिलंच नाही, ग्लासाकडे पाहिलं. “काठोकाठ भरायचा होय! मी रेघ मारली होती, नीट दिसत नव्हतं.” मग माझ्याकडे वळून, “ताई, तुम्ही आधी करून पाहिलं नव्हतं?”

“नाही.”

“मग लिहिलंत कसं?”

बाईंनी तिला गप्प केलं नाही. मीही नाही. टेबल पुसायला घेतलं.

२१ नोव्हेंबर

दादा: “घेतलं ना तिला संघात? मग मिटलं.”

मिटलं कुठे? तेच कात्रण अजून किती वर्गांच्या फळ्यांवर असेल. तिथल्या शंकेखोरांनी काय करायचं?

२६ नोव्हेंबर

पत्र आलं. “ताई, बाईंनी गुण वाढवले. आमच्या वाचनालयात तुमचे जुने अंक आहेत. आता सगळी उत्तरं करून बघतेय. दोन बरोबर निघाली. तीन नाही. राग मानू नका. – शंकेखोर.”

दादाला लिहिलं: खारट पाण्याची धरून चारही चुका पहिल्या पानावर छाप, माझ्या नावाने, मोठ्यात मोठ्या टायपात. यापुढे माझं उत्तर आधी तिच्याकडे जाईल. तिने करून पाहिलं, की मगच तुझ्याकडे. आणि सदरावर तिचं नाव माझ्या आधी.

नाहीच म्हणणार तो. तरी पाकीट बंद केलं. या वेळी तिकीट लावलंय.