अकोल्याला जायच्या गाड्या

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण राजापेठच्या स्टँडवरचं आपलं भांडण माझ्याकडून अजून मिटलेलं नाही.

लोक समोरच्या गाड्यांतून एक कशी निवडतात, त्याचं गणित तुम्ही शिकवत होता आणि त्यासाठी अख्खा वर्ग स्टँडवर आणला होता. ऊन मी म्हणतंय, आणि नांदगाव खंडेश्वरकडची एक मावशी पिशवीवर बसून अकोल्याच्या बसची वाट पाहतेय. लेकीकडे निघालेली. मी विचारतो, "मावशी, बडनेऱ्याहून रेल्वेनं काहून नाही जात? लवकर पोचसान." ती म्हणते, "रेल्वे? थे तं मुंबईवाल्यायची असते बापा." मी लिहिलं, रेल्वे नाकारली. तुम्ही ते खोडलंत. "नाकारली कुठं? तिच्या लेखी रेल्वे आहेच कुठं? आधी माणसाला काय काय दिसतं ते विचार, मग त्यानं काय निवडलं ते." मी भडकलो. "मग तिला सांगायचं ना, सर!" तुम्ही म्हणालात, "आपण विचारायला आलोय, गाडीत बसवायला नाही." मी ऐकतो कुठं? मावशीला ऑटोत घातलं, बडनेऱ्याला नेलं आणि रेल्वेत बसवूनच परत आलो. तुम्ही सगळ्यांसमोर कडाडलात, "तू अभ्यास नाही करून राहिला, दलाली करून राहिला!" पोरं फिदीफिदी हसली.

पुढच्याच सत्रात मी कॉलेज सोडलं. लोकांना वाटतं, तुमच्या बोलण्यानं. छे! वर्गातली एक मुलगी कॉलेज बदलून अकोल्याला, जठारपेठेत आपल्या घरी परतली, म्हणून सोडलं. तिथंच ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर लागलो. कोणी विचारायच्या आत त्याला आणखी दोन गाड्या सांगतो, रेल्वेसुद्धा. मालक बोंबलतो, पण गिऱ्हाईक माझ्याकडेच परत येतं. संध्याकाळी तिच्या काकांच्या स्टेशनरीच्या दुकानात जातो. गल्ल्यावर ती असते. मी पेन घेतो.

परवा ती सहज म्हणाली, दोन स्थळं आली आहेत, एक पुण्याचं, एक नागपूरचं, रविवारी घरी सांगायचं आहे. मी खोलीवर आलो, ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तिनं मला मनातून कधीच नाकारलंय. आणि एकदम तुम्ही आठवलात. तसाच उठून दुकानात गेलो.

"दोन नाही, तीन. मी पण आहे."

तिनं वर पाहिलं. "तू? तू तं पेन घ्यायले येतो ना?"

"इतके पेन कोण घेते?"

"मले वाटलं, परीक्षा देऊन राहिला कोठंतरी."

म्हणजे मी तिच्या हिशेबात नव्हतोच, सर. तुमचं खरं निघालं. पण मी नुसता विचारत बसलो असतो, तर आजही त्या हिशेबात नसतो. एवढं माझंही माना.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. ती अजून हो म्हणालेली नाही. "मले विचार करू दे," एवढंच बोलली. पेढे मात्र मी आजच वाटले.