वस्तादांचा उजवा हात

६ ऑक्टोबर, सकाळी

ठरलं. वस्तादांना मीच बरं करणार.

हॉस्पिटलने महिनाभर ठेवून घेतलं आणि काल जसे नेले तसेच घरी पाठवले. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. वर त्यांच्या मुलीला, मिजाताईंना, सांगितलं की धीर धरा. धीर धरायला हॉस्पिटल कशाला लागतं?

अर्धांगवायू म्हणजे दुसरं काय, गी, अंगातली प्राणशक्ती, तुंबली. बेंबीखाली दोन बोटं तिचा साठा. तिथून ती हातापायांत खेळते. खेळायची थांबली की अंगाचं लाकूड होतं. आमच्या हापकिडो या कोरियन युद्धकलेच्या तालमीतलं पिवळ्या पट्ट्याचं पोरगंही हे सांगेल. डॉक्टरांना कोण सांगणार?

चौदा डिसेंबरला तालमीचा वर्धापनदिन. रीत अशी की वस्तादांनी सगळ्यांसमोर उभं राहायचं, स्वतःच्या तोंडाने वारसाचं नाव घ्यायचं आणि उजव्या हाताने त्याला आपला पट्टा द्यायचा. नाव माझंच आहे. यांग तोंगशिक. ऐन उमेदीची वर्षं मी त्यांच्या पायाशी घालवली, दुसरं कुणाचं असणार? फक्त ते बाहेर यायला तोंड चालू व्हायला हवं.

तालमीतली प्यो सुनिमही मनात मांडे खातेय म्हणे. एकतीस वर्षांची पोर. असो.

८ ऑक्टोबर

पहिला उपचार. बोटांच्या टोकांना सुई टोचून काळं रक्त काढायचं. अगदी साधी गोष्ट. तिसऱ्या बोटाला वस्तादांनी डाव्या हाताने काठी उचलली आणि माझ्या नाकावर घातली. नाक मोडलं. त्यांच्या बोटांतून दोन थेंब निघाले, माझ्या नाकातून टॉवेलभर. मिजाताई म्हणाल्या, तोंगशिकभाऊ, रक्त नक्की कुणाचं काढायचं होतं?

डावा हात उपचारात धरत नाहीत. पण पुढचं महत्त्वाचं. आमच्या तालमीचा पहिला नियम: ज्याने मोडलं त्यानेच बसवायचं. वस्तादांनी कॉलर धरून मला मांडीशी ओढलं, डाव्या हाताने उजवी मूठ उचलून माझ्या नाकाला लावली आणि नाक दोन्हीकडून दाबलं. कट्ट असा आवाज झाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या काजव्यांत मी स्पष्ट पाहिलं की त्यांचा उजवा अंगठा हलला.

माझ्या नाकातून गी त्यांच्या अंगठ्यात गेली. पुरावा आणखी काय हवा?

९ ऑक्टोबर

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून डोंगरातल्या झऱ्याखाली बसणे, पोटातून श्वास घेणे, साठा वाढवणे.

१० ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

गी झोपेतही साठते.

१७ ऑक्टोबर

आज दवण्यासारख्या औषधी पाल्याची गोळी वस्तादांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवून पेटवली. थोडा जास्त वेळ राहिली. कातडी करपल्याचा वास आला, आणि पाय उडाला. उजवा. थेट माझ्या तोंडावर. पुढचा एक दात समोरच्या समुद्रशेवाळाच्या सूपमध्ये पडला.

मी रक्ताळल्या तोंडाने, उजवा, उजवा, असं ओरडत अंगणात धावलो. शेजारच्या म्हातारीने पोलिसांना फोन केला.

नियमाप्रमाणे वस्तादांनी जबडा चोळून दिला. उजव्या हाताची तीन बोटं चालली. चोळताना ते इतके जोरात दाबत होते की मला रडू आलं. आनंदाचंच असणार.

बायको म्हणाली, अहो, तो माणूस तुम्हाला हाकलतोय, एवढं कळत नाही? बायकांना यातलं कळत नाही.

२४ ऑक्टोबर

फिजिओथेरपिस्ट बांगबाई भेटल्या. आठवड्यातून दोनदा येतात. वस्तादांना मळायला कणकेचा गोळा आणून दिला होता त्यांनी. वस्तादांनी तो भिंतीवर फेकला. अजून तिथेच आहे, वाळलाय.

मला विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, मी यांच्यावर उपचार करतो. माझं नाक, दात, कानावरचा वळ सगळं न्याहाळून म्हणाल्या, आणि तुमच्यावर कोण करतं? म्हटलं, वस्ताद. स्वतः चोळून देतात, रोज. त्यावर त्यांनी वस्तादांचा उजवा हात हातात घेतला, बोटं मिटवून पाहिली, उघडून पाहिली. मग म्हणाल्या, छान चाललंय, तुम्ही एक दिवसही चुकवू नका.

वैद्यकशास्त्राने मला मान्यता दिली. तारीख लिहून ठेवतोय.

१६ नोव्हेंबर

मिजाताईंकडे किमचीचं लोणचं घालायचा दिवस. अंगणात खारवलेल्या कोबीची घमेली, बायका कोपरापर्यंत तिखटात. सुनिमही आलेली. पुढेपुढे करायला एक नंबर.

कानामागे बोलण्याची नाडी असते. ती अंगठ्याने दाबून ठेवली की जीभ सुटते. वस्ताद उन्हात खुर्चीवर बसले होते. मी मागून गेलो आणि दाबली. त्यांनी माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. काय डाव टाकला कळलंच नाही, मी त्यांच्या डोक्यावरून गेलो आणि घमेल्याच्या काठावर बरगडी आपटून तिखटात तोंडघशी पडलो. डोळ्यांत लाल मिरची. बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं.

सुनिमने डोळ्यांवर पाणी ओतलं. म्हणाली, तोंगशिकदादा, सोडा ना त्यांना आता. मरतील ते अशाने. म्हटलं, मरतायत कुठे, मारतायत.

मग वस्ताद स्वतः खुर्चीतून उतरून माझ्यापाशी बसले आणि दोन्ही हातांनी बरगडी चाचपू लागले. मी दम रोखून धरला होता. तेवढ्यात ते म्हणाले, श्वास घे.

मिजाताई तिखटाचे हात तोंडावर घेऊन रडल्या आणि मग तिखटामुळे आणखी रडल्या. वाचा आली. मी आणली.

२ डिसेंबर

वस्ताद काठीशिवाय चालतात. आज फाटकापर्यंत माझ्या मागे आले. मी थांबलो नसतो तर पुढेही आले असते. हातात फावडं होतं.

बॅनर छापायला टाकला: नवे वस्ताद यांग तोंगशिक यांचे अभिनंदन. फोटो जुना दिला, दात असलेला.

भाषण तयार. आरशासमोर म्हटलं. बरगडीमुळे टाळ्यांच्या जागी थांबावं लागतं, ते बरंच दिसतं.

१४ डिसेंबर, संध्याकाळी

बाहेर बर्फ. तालीम खच्चून भरलेली. जेचन गावातले सगळे जुने गडी आले होते.

वस्ताद उभे राहिले. उजव्या हातात पट्टा, हात जरासुद्धा कापत नव्हता. मी गुडघ्यांवर एक पाऊल पुढे सरकलो. ते अगदी स्वच्छ बोलले, प्यो सुनिम.

मी काय समजायचं ते समजलो. जिभेची नाडी पूर्ण सुटलेली नाही. मनात एक, तोंडात दुसरंच. सगळ्यांसमोर उठलो, म्हटलं, वस्ताद, एक मिनिट, आणि कानामागे अंगठा लावला.

त्यांनी मला उजव्या हाताने फेकलं. एकाच. मंचावरून खाली, जुन्या गड्यांच्या रांगेत. खांदा निखळला. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोकांना वाटलं प्रात्यक्षिक आहे. मी पडल्या पडल्या हसत वाकून नमस्कार केला.

मग मी वस्तादांकडे खांदा घेऊन गेलो. मोडलं त्यांनी, बसवायचं त्यांनी. ते खुर्चीत बसले आणि सुनिमकडे बोट दाखवलं. म्हणाले, यापुढे ती बसवेल.

सुनिमने पट्टा बांधला, माझ्या काखेत टाच रोवली आणि हात ओढला. एका झटक्यात बसला. चांगला बसवला, खोटं कशाला लिहू. मी बोंब मारली ती खांद्यासाठी नव्हती. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बायकोने बॅनरची सुरळी बगलेत मारून मला घरी नेलं.

१६ डिसेंबर

बांगबाईंना गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी लोकांना खरं काय ते सांगा, त्यांना कुणी बरं केलं? त्या म्हणाल्या, तुम्हीच केलंत. मी म्हटलं, गी. त्या म्हणाल्या, गी-बी मला माहीत नाही. कणीक त्यांनी फेकून दिली, चेंडू फेकला, काठी फेकली. मग तुम्ही यायला लागलात. रोज चिडायचे, रोज मारायचे, आणि नियम म्हणून रोज तासभर तुम्हाला चोळत बसायचे. एवढा व्यायाम माझा एकही पेशंट करत नाही.

म्हणजे गीच. त्यांच्याकडे फक्त शब्द नाही.

१८ डिसेंबर, सकाळी

वारस कुणी का असेना, पेशंट माझा आहे. चौदा तारखेचा फेकण्याचा झटका मी आठवून पाहिला. उजव्या मनगटात शेवटी किंचित कच आहे, जरा अडखळतं ते. ती काढायला दोन महिने सहज लागतील. जमलं तर तीन. सुया घेतल्या, पाला घेतला, गळ्यात अडकवलेल्या हातानेच फाटक उघडलं.

दार वस्तादांनी स्वतः उघडलं. मी वाकून नमस्कार केला, म्हटलं, वस्ताद, आज मनगट बघू या. ते बराच वेळ माझ्या नाकाकडे, दाताच्या खिंडाराकडे, खांद्याकडे बघत राहिले. म्हणाले, तोंगशिक, बरा झालो मी. आता येऊ नकोस.

मी म्हटलं, बरे कुठले, थोडी कच आहे, एकदा मारून दाखवा, तुमचं तुम्हालाच कळेल.

त्यांनी उजवा हात उचलला. मी डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

त्या हाताने त्यांनी दार लावून घेतलं. सावकाश, आवाज न करता. कच नव्हती.