हिलीची बंदूक

बारागा, मिशिगन
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय रूडी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे थेट शेगडीत घातलं नसशील, तर पुढचं वाच. कसा आहेस? इकडे सगळं ठीक. मेपलची पानं गळून गेली, काल पहाटे काचेवर बर्फ धरलं होतं, आणि मी चालवते ती शाळेची बस नेहमीसारखी तिसऱ्या धक्क्याला सुरू होते. डेलची लाकडाच्या ट्रकवरची नोकरी चालू आहे. तुला सलाम सांगतो. म्हणजे सांगितला नाही, पण सांगेल.

चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामापुरतं. म्हण काय म्हणायचं ते.

हिली चौदाची झाली. शाळेतला शिकारीचा वर्ग तिने पुरा केला, पास झाल्याचं कार्ड फ्रिजवर लावलंय. येत्या पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, तिला हरणाच्या शिकारीला जायचंय, आणि तेही आपल्या बाबांच्या जंगलातल्या कॅम्पवर. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." तर म्हणते कशी, "आई, तू मी बारा वर्षांची असल्यापासून पुढच्या वर्षी बघतेयस." जीभ कोणावर गेलीये ते तुला माहीत आहे.

तर बंदूक कुठली घ्यावी? तू वीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे उभा राहिलास, तुझ्याशिवाय विचारणार कोणाला! डेल माझा नवरा झाला तरी पुलापलीकडचा, दक्षिणेकडचा माणूस, त्याला बंदूक आणि फावडं यांतला फरक दांड्यावरून कळतो. तीनशे डॉलरच्या आत बसली पाहिजे. जुनी चालेल. दुकानातला नवा पोऱ्या थर्टी-थर्टी घ्या म्हणाला, शेजारचा लेस्टर टू-फॉर्टी-थ्री म्हणतो, आणि त्याची बायको म्हणते बाबांची थर्टी-ऑट-सिक्स पडून आहे ती द्या की.

मला तुझ्याकडून नेमकं एवढंच हवंय. कुठली गोळी सगळ्यांत कमी लांब जाते? कुठली मधे झाड आलं तर झाडातच अडकते? कुठल्या बंदुकीचा चाप जड असतो, चुकून ओढला जाणार नाही असा? आणि एकाच काडतुसाची मिळते ना, दर बाराला मोडून भरायची? तसली बरी. मधे विचार करायला वेळ मिळतो.

आणखी एक. कायद्याने तिच्यासोबत मोठं माणूस हवं. तू तिला नेशील का? तुझ्याशेजारी बसव, दिवसभर गप्प बसेल. मला त्या दिवशी जमणार नाही.

उत्तर दे. माझ्यासाठी नको, पोरीसाठी दे.

मार्लिस

*

ऑन्टोनॅगन
१६ ऑक्टोबर

मार्लिस,

पत्र मिळालं. शेगडीत घातलं नाही, शेगडी पेटली नव्हती.

आधी बंदुकीचं. बाबांची थर्टी-ऑट-सिक्स पोरीला देऊ नकोस. तिचा धक्का खांद्याला असा बसतो की दुसऱ्या बाराला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि एकदा ती खोड लागली की जन्मभर सुटत नाही. थर्टी-थर्टी आपल्या झाडीत चांगली, पण हलकी असल्यामुळे तीही लाथ मारते. हिलीसाठी टू-फॉर्टी-थ्री. धक्का कमी, हरणाला पुरेशी, फक्त गोळी जड वजनाची घ्यायची, कोल्ह्यासाठी असते ती हलकी नको. लेस्टरला पहिल्यांदाच काहीतरी बरोबर कळलंय, त्याला सांगू नकोस.

माझ्या ओळखीत एकाची आहे, एका काडतुसाची, हातोडीवाली, नळी स्वच्छ. तीनशेच्या बऱ्याच खाली मिळेल. दस्ता इंचभर कापून देतो. तिचा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून कळव.

आता तुझे प्रश्न. कमी लांब जाणारी गोळी हवी असेल तर पोरीला गलोल घेऊन दे. हरीण मारणारी प्रत्येक गोळी मैलाच्या पलीकडे जाते. झाडात अडकेल का, तर अडकेल नाहीतर आरपार जाईल नाहीतर वळेल, त्यावर विसंबायचं नसतं. बाबा सांगायचे ते विसरलीस? गोळीच्या मागे काय आहे ते आधी बघ. वीस वर्षांत मला गिऱ्हाइकांनी विचारलं, कुठली लांब जाते? कुठली आरपार जाते? उलटं विचारणारी तू पहिली. काय झालंय तुला?

आणि हे "त्या दिवशी जमणार नाही" पुरे कर. बाबांच्या शेवटच्या पंधरा तारखेला त्यांनी तुला शेजारी बसायला बोलावलं, तेव्हा तू निरोप धाडलास की बस आहे. मार्लिस, पंधरा नोव्हेंबरला अख्ख्या जिल्ह्यात शाळेला सुट्टी असते. कुत्र्यांना नेत होतीस बसमधून? म्हातारा दिवसभर खिडकीतून रस्ता बघत होता. हे मी त्यांच्या मयतीत बोललो, आज परत बोलतो.

पोरीला मी कॅम्पवर घेईन. पण सकाळी माझ्या हातात तवा असतो, सहा जणांचे पॅनकेक मीच करतो. तिच्याशेजारी तिच्या आईने बसावं. तू आलीस तर बंदूक. नाहीतर नाही.

रूडी

*

बारागा
२३ ऑक्टोबर

प्रिय रूडी,

हिलीचा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा इंच. मोजताना ती एवढी हसत होती की दोनदा मोजावा लागला.

तू म्हणालास ते सगळं खरं आहे. त्या दिवशी बस नव्हती. मी घरात बसून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते आणि दिवसभर बार ऐकत होते.

हे पत्र मी तीनदा फाडलंय. आता निसूचा गोड पाव भट्टीत आहे, तो होईपर्यंत लिहून संपवायचं आणि लेस्टरच्या हाती पोस्टात टाकायला द्यायचं असं ठरवलंय, म्हणजे परत फाडायला मिळणार नाही.

गेल्या महिन्यात मी हिलीला बसमधून घरी आणत होते. बाकी पोरं उतरली होती. वळणावर ती एकदम पुढे आली आणि माझा खांदा दाबून कुजबुजली, "आई, थांब! शिंगं! मोठा आहे, कान हलतोय बघ!" मी ब्रेक दाबला. रूडी, ती हॅन्सनच्या घरापुढची टपालपेटी होती, मोडलेली, वर फांदी पडलेली. आम्ही दोघी हसलो. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावून बसले. कारण ती खोटं बोलत नव्हती. तिला कान दिसला होता. हलताना दिसला होता.

मला माहीत आहे कसा दिसतो ते.

ब्याऐंशी साल. दलदलीच्या कडेचा सीडरच्या झाडांचा पट्टा. नऊ वाजले असतील. मी पडक्या खोडापाशी, तू वर टेकाडावर बसणार असं ठरलं होतं. चार वर्षं मला एक हरीण मिळालं नव्हतं आणि रात्री सगळे मला पाळण्यातलं बाळ म्हणून चिडवत होते. समोर लहान फरच्या झाडांच्या गर्दीत पांढरं हललं. शेपटी उडते ना, तसं. एकदा, मग परत. आणि मग मला बाकीचं हरीण दिसलं. शपथेवर सांगते, दिसलं. पाठ, मान, खाली घातलेलं डोकं आणि शिंगांची आठ टोकं. मी मोजली, रूडी. मी आठ मोजली आणि चाप ओढला.

आणि फरमधून तुझी नारिंगी टोपी वर आली. तुझ्या हातात तुझा पांढरा हातरुमाल होता. तू खाली उतरून आला होतास आणि नाक शिंकरत होतास.

मी तुझ्यावर गोळी झाडली. आज पहिल्यांदा हे कागदावर लिहिलंय. डेललाही माहीत नाही. मी तुझ्यावर गोळी झाडली.

तू ओरडून विचारलंस, "लागलं का?" आणि मी म्हणाले, "चुकलं." त्या एका शब्दावर सगळं उभं राहिलं. संध्याकाळी बाबांनी रिवाजाप्रमाणे कात्री आणली, चुकलेल्याच्या शर्टाचा मागचा भाग कापायचा म्हणून. विचारलं, "किती टोकांचा होता गं?" मी म्हणाले, आठ. त्यांनी कापडावर माझं नाव, साल आणि आठ टोकं असं लिहिलं आणि भिंतीला ठोकलं. सगळे हसत होते. तूही. मीही हसले, कारण हसले नसते तर किंचाळले असते.

मी त्या कॅम्पमध्ये परत कशी येणार होते? बाबा दरवर्षी म्हणायचे, "तुझा आठ टोकांचा म्हातारा होऊन मरेल, ये लवकर." मला वाटायचं त्यांच्याशेजारी बसले की तोंडातून निघून जाईल. म्हणून नाही आले. ते गेले आणि सांगायचं राहिलं.

आणि एक गोष्ट मला बारा वर्षं कळलेली नाही. तू त्या दिवशी फरमध्ये वाकून बघितलंस आणि बाबांना सांगितलंस, "हो, माग आहेत, सरळ दलदलीत गेलाय." कसले माग, रूडी? तिथे हरीण नव्हतं. तू दुसरे कुठले जुने माग बघितलेस, का तुला कळलं होतं? मी दर वर्षी स्वतःला सांगते की जुने माग असतील. नोव्हेंबर आला की मला ते पटत नाही.

आता माझी भीती ऐक, म्हणजे माझे प्रश्न तुला वेडेपणाचे वाटणार नाहीत. बाहेरची माणसं चुकून तिच्यावर झाडतील ही भीती आहेच, पण ती सगळ्या आयांना असते. मला हिलीची भीती वाटते. तिला माझे डोळे आहेत. तिला जे हवं ते दिसतं. मी एका काडतुसाची बंदूक मागितली, म्हणजे दुसरी गोळी सुटण्याआधी वेळ मिळेल म्हणून. पत्र टाकल्यावर लक्षात आलं की मला तरी दुसरी कुठे लागली होती? मीही पहिलीच झाडली होती.

तिला मी नाही म्हटलं तर ती लेस्टरच्या पोरांबरोबर जाईल, मला न सांगता. हो म्हटलं तर मी तिच्याशेजारी बसायचं, आणि मी शेजारी बसून तिला काय सांगणार? नीट बघ म्हणू? मी नीट बघितलं होतं.

तू सांगशील तसं करेन. बंदूक घेऊ नको म्हणालास तर नाही घेणार, तिने जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. तू माझं तोंड बघणार नाहीस तेही मला कळेल.

पाव करपल्याचा वास येतोय.

मार्लिस

*

ऑन्टोनॅगन
२९ ऑक्टोबर

मार्लिस,

पत्र मंगळवारी आलं. आज शनिवार. उशीर झाला, बस एवढंच.

माग नव्हते.

गोळी माझ्या उजव्या कानाजवळून गेली. आधी वारा लागला, मग आवाज. उभा राहिलो तर समोर तू, बंदूक खाली, तोंड पिठासारखं. मी "लागलं का?" विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. तू "चुकलं" म्हणालीस. मला वाटलं हिला कळलेलंच नाही. कळलं तर ही घरी पोचायच्या आधी स्वतःचं काहीतरी करून घेईल, आणि बाबांना कळलं तर ते तो कॅम्प जाळतील. म्हणून मी वाकलो आणि माग शोधले. बरं शोधत होतो मी, नाही? बाबांनाही पटलं.

मी हसत होतो म्हणतेस. बाहेर जाऊन लाकडाच्या ढिगामागे पॅन्ट बदलली, ते तू बघितलं नाहीस.

मग तू यायची बंद झालीस आणि मी चिडलो. गोळी झाडलीस म्हणून नाही चिडलो. मरता मरता वाचलेला मी, आणि मी दरवर्षी जातो, म्हाताऱ्याला कॉफी करून देतो. आणि जिला काहीच माहीत नाही ती आरामात घरी बसते, असं वाटायचं. मयतीत मी बोललो ते या रागाने बोललो. चुकलो.

आता माझं एक ऐक. त्या वर्षापासून मी जंगलात बसलेलो नाही. सगळ्यांना गुडघा सांगितलाय. गुडघ्याला काही झालेलं नाही. मी पॅनकेक करतो कारण मला दाराबाहेर पडायची भीती वाटते. बारा वर्षं बंदुका विकल्या आणि बारा वर्षं तवा धरला. हे जगात आता दोघांना माहीत आहे.

तू विचारलंस, घेऊ की नको. मी बंदूक आणलीये. दस्ता कापलाय. ती माझ्या कपाटात आहे, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. चौदा तारखेला हिलीला घेऊन दुपारच्या जेवणाला ये. टेबलाशी बसून तू तिला सगळं सांगायचं, आठ टोकं मोजलीस तेही. मी समोर बसेन. वर्गात त्यांनी तिला चित्रं दाखवली असतील. ज्याच्यावर झाडली तो माणूस बटाटे खाताना तिने बघू दे. हॅन्सनच्या टपालपेटीचा विषय मीच काढेन, तू काढू नकोस.

त्यानंतर ती नको म्हणाली, तर बंदूक परत देऊन टाकतो. हवी म्हणाली, तर पंधराला पॅनकेक दुसरा कोणी करेल. आपण तिघं एकाच खोडावर बसू, ती मधे. काडतूस माझ्या खिशात राहील. तिने मला आधी सांगायचं, डोकं कुठे, पाय किती, मागे काय. चारही पाय दिसेपर्यंत खिशातून हात निघणार नाही, तिने रडून गोंधळ घातला तरी नाही. एखादं हरीण निघून गेलं तर जाऊ दे. सगळीच गेली तर जाऊ देत.

मला पहाटेपासून भीती वाटेल. तुलाही वाटेल. वाटू दे, आपण दोघं घाबरलेले असलो की पोरीला तिथे कोणी गंमत म्हणून बसलेलं नाही हे तरी कळेल.

करपलेला पाव घेऊन ये. टाकू नकोस.

तुझा भाऊ, अजून जिवंत,
रूडी