रस्त्यापलीकडची अक्का

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन रस्त्यापर्यंत गेले. पलीकडं अक्का उभी होती, सुनेच्या खांद्याला धरून. मधे चौपदरी रस्ता, त्याच्या मधोमध कमरेएवढा डिव्हायडर. पूर्वी घरून निघाले की चहाला उकळी यायच्या आत तिच्या ओट्यावर पोचायची. आता पेट्रोल पंपापर्यंत जाऊन वळसा घालायचा. तिचे गुडघे गेलेले, मला उन्हात तेवढं चालवत नाही.
हात हलवला. तिनंही हलवला. मग उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, अक्का दिसेना झाली. डबा परत आणला.

१६ जानेवारी
ऑटोनं वळसा घालून अक्काकडं गेले. फोनचा उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही. समोर बसलं की ओठांवरून सगळं कळतं.
आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. थोरली बहीण म्हणून शाळेत मला अक्कानंच घातलं. ती स्वतः कधी गेली नाही. पुढं मला याच गावात दिली तीही तिच्याच हट्टानं. नोकरीभर शाळा सुटली की आधी तिच्याकडं, मग घरी.
आज माझी हनुवटी धरून म्हणाली, "तुजं तोंड दिसलं न्हाई की घास ग्वाड लागंना बघ."
तिळगूळ दिला.

२० जानेवारी
परभणी. रस्त्याच्या हापिसात अर्ज दिला: गावाचे दोन भाग झालेत, पायी ओलांडायला खालून बोगदा द्यावा. इंजिनिअर म्हणजे एक तरुण मुलगी. अर्ज दोनदा वाचला. म्हणाली, या सगळ्या रस्त्यावर बसथांबे आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा निधी येतोय, गावांची यादी चालू आहे. "तुमच्या गावाचं नाव घालते, बाई."
येताना एस.टी. गावात थांबली नाही. पंपावर उतरवलं. तिथून चालत. लय थकले, पण आज बरं वाटायलंय.

२ फेब्रुवारी
इंजिनिअर मॅडम मोजमापाला आल्या. दु. चारची वेळ. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असतानाच पोरी पलीकडं कॉलेजच्या बसमधून उतरल्या आणि नेहमीसारख्या डिव्हायडरवर चढल्या. एकीची ओढणी लोखंडी पट्टीत अडकली. ती अर्धी अलीकडं, अर्धी पलीकडं. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून.
माझ्या हाताखाली चौथी केलेली पोर ती. सुनंदा.
मॅडमनी मोजमाप थांबवून आधी वहीत हे लिहून घेतलं.

२४ फेब्रुवारी
मंजूर! पण बोगदा नाही, वरून पूल. जिन्याचा.
मॅडमना विचारलं, उतार नाही का करता येणार, गुडघे गेलेल्या माणसाला? त्यांनी नकाशा उघडून दाखवला. उताराला दोन्ही बाजूंनी जागा लागते, ती यात धरलेली नाही. बदल मागितला तर प्रस्ताव परत जाईल आणि यंदाचा निधी दुसऱ्या गावाला. पुन्हा कधी, त्यांनाही माहीत नाही. हे सगळं त्या माझ्याकडं न बघता बोलल्या.
गावानं काय ते ठरवून कळवायचं.

२६ फेब्रुवारी
ग्रामसभा. अर्ज माझा, म्हणून सरपंचांनी आधी मलाच विचारलं. "बाई, तुमी म्हणाल तसं. जिना घ्यायचा का थांबायचं?"
दोन दिवस मनात घोकत होते, थांबू म्हणायचं. गाव माझा शब्द मोडणार नाही हेही ठाऊक होतं. तेवढ्यात दाराशी सुनंदा दिसली, चौकटीला टेकून उभी.
जिना घ्या, म्हणाले.
टाळ्या झाल्या. चप्पल सापडेना मला.

२८ फेब्रुवारी
अक्काकडं. कसं सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली. तोंड उघडायच्या आधीच तिनं ओळखलं.
"जिना हाय व्हय?"
मान हलवली. सभेत मीच होकार दिला तेही सांगितलं. तिच्याशी कधी खोटं बोलले नाही. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "होऊ दे. लेकरं तर घरला येतील."
मग सुनेला चहा टाकायला सांगितला, वांग्याला कीड पडली ते सांगत बसली. निघताना माझा हात लवकर सोडला नाही.

१५ मार्च
कडेला चुन्याच्या रेघा मारून गेलेत. काम कधी सुरू, नक्की नाही. मी उताराचा वेगळा अर्ज देऊन आले, मॅडमनी ठेवून घेतला.
संध्याकाळी अक्काच्या सुनेचा फोन. "मावशी, आत्याबाई रोज सकाळी महादेवाच्या पायऱ्या चढायल्यात. कुणाचंच ऐकंनात. काल तिसरीवर बसल्या, आज पाचवीवर गेल्या. पुलाला किती पायऱ्या हायत, विचार म्हणल्यात तुमाला."
महादेवाला सात पायऱ्या. पुलाच्या मी नकाशावर मोजल्यात.
बघून सांगते म्हणाले.