बिनमण्यांचा पाय

कोलोन, ४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शहरात सुखरूप पोचले. फोनवर तू नुसती हं हं करतेस, म्हणून लिहिते.

भरतीचं पाणी चुलीपर्यंत येतं. बेटावरची निम्मी घरं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नव्या गावात गेली. तुला तिकडे न्यायलाच मी आले होते. तीन वर्षांपूर्वी ओलोगिन्यादादा शेवंडं धरायला बुडी मारून गेला, तो वर आला नाही. परतला तर याच दारात येईल, असं तू म्हणतेस. त्यावर मी वाद घातला नाही. तरी दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. वाढलंस ते कच्ची केळी आणि नारळ घातलेलं माशांचं कालवण, दादाच्या आवडीचं. माझं काय चुकलं?

तुझी,
देल्फिना

नारगुबीर बेट, १२ जून

चि. देल्फिना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. तू आलीस त्या सकाळी मी होडीने नदीवर पाण्याला गेले होते. परतले तर दादाचा झुला भरलेला. बाहेर एक पाय लोंबत होता. नडगीला मणी नाहीत. आपल्यातल्या बाईचा पाय असा असतो का?

पाणी हळूच खाली ठेवलं. दमून झोपलाय, झोपू दे, म्हटलं. शेजारच्या निल्साकडे मासे मागायला गेले. एवढे मासे कुणाला, म्हातारीने नवरा केला की काय, असं तिने विचारलं. मीही हसले. कालवण उकळेपर्यंत तो घरात होता. मग तू कूस बदललीस आणि मला हाक मारलीस.

रागावले नव्हते. तोंड उघडलं असतं, तर त्याच्याऐवजी तू का आलीस असं विचारलं असतं. म्हणून गप्प राहिले.

जेवत जा. हाडं दिसतात.

तुझी आई

कोलोन, २० जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानातल्या पोरी मण्यांना हसायच्या, म्हणून काढून ठेवले होते. कुठे ठेवले तेही आता आठवत नाही. दमले होते, समोर दिसला त्या झुल्यात पडले. माझा पलीकडेच होता.

तुला बेट सोड म्हणून पुन्हा सांगणार नाही.

देल्फिना

नवं गाव, ९ जुलै

चि. देल्फिना हिस अनेक आशीर्वाद.

पत्ता बदललाय, पाहिलास ना. इथे छप्पर पत्र्याचं, दुपारी भाजून निघते. निल्सा पलीकडच्याच दारात आहे, तेव्हा टोमणे चालूच.

देह नाही तर कबर कशाची, म्हणून मी इतके दिवस खणू दिली नव्हती. परवा नदीकाठी खणली. आपली माणसं निजवतात तसा खड्ड्यात त्याचा झुला टांगला. रिकाम्या झुल्यासाठी गाणं नसतं, असं मयताची गाणी गाणारे आजोबा म्हणाले. मी म्हटलं, तो त्यात निजला होता, मी पाहिलंय, तुम्ही गा. ते सकाळपर्यंत गायले.

तुझ्यासाठी मणी ओवलेत, नारिंगी. बोटवाल्याकडे दिलेत. येताना बोटीतच बांध. म्हणजे लांबून नुसता पाय दिसला, तरी तूच आहेस हे मला कळेल.

लोभ आहेच, येत जा.

तुझी आई