झाडाचं बुकिंग

नवरोबा,

तू गाढ झोपलायस, म्हणून चिठ्ठी. कॅमेरा घेऊन मी भिंगरीच्या शाळेत चाललेय. लग्नाच्या फोटोंना माझ्याऐवजी असिस्टंटला पाठवलंय. त्याला दारातच घाम फुटला, पण सोबत टॉवेल दिलाय.

झालं असं, की सकाळी आपल्या लेकीने त्याला विचारलं, "दादा, तुला झाडाचे फोटो काढता येतात का?"

तो म्हणाला, "झाड हललं नाही, तर येतात."

"मी नाही हलणार," ती म्हणाली.

मग मी बुकिंगची वही उघडली. आजच्या पानावर हिरव्या खडूने लिहिलंय: 'शाळा. ११ वाजता. नाटकात झाड आहे. गिऱ्हाईक लहान.' त्याखाली माझ्याच अक्षरात शेरा: 'किरकोळ काम. असिस्टंटला पाठवणे.' फोनवर बोलता बोलता, अर्धवट वाचून मारलेला असणार. तोंडी सांगितलेलं आई विसरते, वहीतलं विसरत नाही, हे पोरीने सहाव्या वर्षीच ओळखलंय. शेरा वाचून ती रडलीसुद्धा नाही रे. समजूतदार गिऱ्हाइकासारखी दुसऱ्या फोटोग्राफरची चौकशी करायला लागली.

उठलास की तोंड धुऊन थेट शाळेत ये. नाही धुतलंस तरी चालेल, झाडाला फरक पडत नाही.

नवरीच्या मामांचा फोन आला, तर मी आजारी आहे असं सांगू नकोस. "तिचं आधीच दुसरीकडे बुकिंग झालं होतं," असं सांग. ते खरंच आहे. लग्नाची नोंद मी त्या हिरव्या ओळीच्या खाली केलीये.